कायद्यात 21, वर्गात एक फळा

1995च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते 21 केले. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता तेव्हा आत आल्या. किमान 40 टक्के दिव्यांगत्व असेल, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत शिक्षण मोफत. शाळा जवळची नेहमीची की विशेष, हे मुलाच्या पसंतीवर.

रॅम्प बांधला, फोटो काढला की काम झालं असं अनेक शाळांना वाटतं. पण फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या बाईंचे ओठ कमी ऐकू येणाऱ्या मुलाला दिसत नाहीत. आधी लिहावं, मग वळून मोठ्याने वाचावं. कमी दिसणाऱ्यालाही कळतं, शेवटच्या बाकावरच्या गप्पिष्टांनाही. खर्च शून्य.