पेटीतील खरेदीखत आणि पडद्यावरील उतारा

वाचकहो, आपल्या घरातील जुनी पत्र्याची पेटी एकदा उघडून पाहा. तिच्या तळाशी, जुन्या कापडात गुंडाळलेले, घडीवर विरलेले एखादे खरेदीखत बहुधा आढळेल. आजोबांनी पै-पै साठवून घेतलेल्या भूमीचा तो पुरावा. त्याला वाळवी लागली तर साऱ्या कुटुंबाचा जीव टांगणीस लागावा, अशी त्याची महती!

१०० रुपये वा त्याहून अधिक मोलाच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच व्हावी, असे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने ठरविले. नोंदणीची रीत १९०८ च्या कायद्याने घालून दिली. परंतु दस्त एका कचेरीत, महसुली नोंद दुसरीत आणि नकाशा तिसरीत, अशी व्यवस्था असल्याने त्यांचा मेळ घालता घालता सामान्य माणसाच्या वहाणा झिजत.

ही स्थिती पालटण्याचा एक मोठा प्रयत्न कर्नाटकात झाला. सन २००० च्या सुमारास ‘भूमी’ योजनेखाली तेथील सुमारे २ कोटी भूमि-अभिलेख संगणकावर आले. तत्पूर्वी ही दप्तरे सुमारे ९,००० ग्राम लेखापालांच्या हाती असत आणि उतारा केव्हा मिळेल, हे बहुधा त्यांच्या मर्जीवर राही. आता तालुक्याच्या खिडकीवर तो १५ रुपयांत मिळू लागला. फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने हाताळावेत आणि अधिकाऱ्याच्या बोटाच्या ठशावाचून नोंद बदलू नये, अशी तजवीजही करण्यात आली.

२००८ साली केंद्र सरकारने असा कार्यक्रम देशभर हाती घेतला. महाराष्ट्रात २०१८ च्या १ मे रोजी अंकीय स्वाक्षरीच्या सात-बारा उताऱ्याची सोय सुरू झाली. आता बडोद्यास वा इंदुरास नोकरीनिमित्त राहणाऱ्या मुलास गावाकडील शेताचा उतारा काढण्यासाठी रजा घ्यावी लागत नाही.

तथापि एक गोष्ट ध्यानात असावी. संगणक नोंद जपतो. ती खरी करीत नाही. मूळ वहीत बहिणीचे नाव गळले असेल, तर ती चूकही तितक्याच सुबक अक्षरांत पडद्यावर उमटेल. शिवाय आपल्याकडे नोंदणी होते ती दस्ताची. विकणाऱ्याच्या मालकीची हमी त्याने मिळत नाही. म्हणून खरेदीपूर्वी मागील दस्तांचा शोध घ्या, बोजा पाहा, जागेवर जाऊन कब्जा कोणाचा आहे याची खात्री करा. खरेदीनंतर फेरफार झाला की नाही, हेही पाहा.

आणि आज सायंकाळी वडीलधाऱ्यांजवळ बसून पेटीतील कागद व पडद्यावरील उतारा ताडून पाहा. ज्यांना त्या जमिनीच्या चतुःसीमा तोंडपाठ आहेत, ती माणसे आपल्यात आहेत तोवरच ही दुरुस्ती सोपी आहे.