सोनोग्राफीची परीक्षा व्हीआर हेडसेटमध्ये: डॉक्टरच्या हाताला मार्क कसे द्यायचे?

आजचा एपिसोड निमगाव केतकीच्या घरातून रेकॉर्ड केलाय. ऑडिओत मध्येच उसाचा ट्रॅक्टर ऐकू येतो, तेवढं सांभाळून घ्या.

विषयही त्या ट्रॅक्टरवरूनच सुचला. माझा चुलतभाऊ रात्री उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला होता. पहिल्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली, "पोटात काही नाही" म्हणाले. तीन तासांनी दुसरीकडे केली, तर पोटात रक्त. ऑपरेशन झालं, आता गडी पानमळ्यात पानं खुडतोय. पण पहिल्या वेळी रक्त नव्हतंच, की होतं आणि दिसलं नाही? दोन्ही शक्य आहे, कारण रक्त हळूहळू साचतं.

सीटी स्कॅनमध्ये मशीन अख्ख्या पोटाचे काप काढतं. सोनोग्राफीत प्रोब जिथं आणि जसा धरला, तेवढाच काप दिसतो. अपघातातल्या पेशंटसाठी 'फास्ट' नावाची तपासणी असते. त्यात चार जागा बघायच्या: यकृत आणि उजव्या किडनीमधली फट, डावीकडे प्लीहेभोवती, ओटीपोट आणि हृदयाभोवती. रक्त काळं दिसतं. फटीच्या टोकाशी थोडंसंच असेल आणि प्रोब तिथवर फिरवला नाही, तर ते सुटतं.

म्हणजे सगळा खेळ हाताचा. आपल्याकडे पीसीपीएनडीटी कायद्याखालच्या २०१४ च्या नियमांत एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांचं सोनोग्राफी प्रशिक्षण आहे, लॉगबुक आणि शेवटी परीक्षाही आहे. लॉगबुकवरून किती केल्या ते कळतं. कशा केल्या हे कळायला जाणकार माणूस शेजारी उभा पाहिजे, आणि दोन परीक्षकांचे मार्क जुळतीलच असं नाही.

इथं व्हीआर कामाला येतं. हेडसेट घातला की समोर खाटेवर पेशंट दिसतो, हातातला कंट्रोलर म्हणजे प्रोब. आपल्या भाषेत सांगायचं तर पोट हा थ्रीडी डेटा आणि प्रोब म्हणजे त्यातून जाणारं एक प्लेन. हाताची जागा आणि कोन बदलला की नवा काप स्क्रीनवर. आणि हात कुठं गेला, कुठं थांबला, काय बघायचं राहिलं, सगळं लॉग होतं.

लॉग म्हणजे मार्क नव्हेत, बरं का. मी कोड लिहिला असता तर पहिल्यांदा सेकंद मोजले असते, कारण ते सोपं. पण अनुभवी डॉक्टर फट टोकापर्यंत बघतो म्हणून त्याला वेळ लागू शकतो, आणि नवखा भरभर फिरवून मोकळा होतो.

म्हणून तीच टेस्ट आधी नवख्यांना आणि मुरलेल्यांनाही देतात. समजा नवखे ४० च्या आसपास अडकले, मुरलेले ७० च्या पुढे गेले आणि दोघांचे आलेख ५६ ला एकमेकांना छेदतात, तर पासची रेष तिथं. तरी काही नवखे पास होतात, काही मुरलेले नापास, आणि ते किती हे उघड सांगायला हवं. दोन्ही गट वेगळे पडलेच नाहीत तर टेस्ट फेकून द्यायची, हेडसेट कितीही भारी असो.

कंट्रोलर हवेत फिरतो, पोटाचा दाब हाताला लागत नाही, ही मोठी उणीव. कळवळणारा पेशंटही नाही. त्यामुळे खऱ्या पेशंटवरची परीक्षा राहणारच.

पण आपल्याकडे एक फायदा दिसतो. गर्भलिंग निदानाच्या कायद्यामुळे सोनोग्राफीचं मशीन नोंदवलेल्या जागेबाहेर सहज नेता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. हेडसेटमधून खऱ्या पोटातलं काहीच दिसत नाही. बारामतीच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून तो बॅगेत घालून इंदापूरला नेता येईल.

तात्यांना, म्हणजे चुलत्यांना, हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग त्या पहिल्या डॉक्टरला बसव की त्या गेमला."

म्हटलं, "तात्या, आज तो पास झाला काय आणि नापास झाला काय, त्या रात्रीचं नाही कळायचं."