कॅमेरे बदला, पण आधी तार तपासा

सोसायटीच्या वार्षिक सभेत सीसीटीव्हीचा विषय निघाला की लगेच दोन पक्ष पडतात. एकाचे म्हणणे, ‘सगळे जुने काढा, आयपी कॅमेरे लावा.’ दुसऱ्याचे, ‘चालतंय ना, मग खर्च कशाला?’ भिंतीतल्या तारेबद्दल मात्र कोणी बोलत नाही. 2010 च्या आसपास उभ्या राहिलेल्या इमारतीत कॅमेरा बदलायला पंधरा मिनिटे लागतात. डक्टमधून, पार्किंगच्या छतावरून, गेटपर्यंत जमिनीखालून गेलेली तार बदलायची तर फोडाफोड, रंगकाम आणि चार सभासदांची नाराजी. म्हणून ती तार किती कामाची उरली आहे, यावरच बाकीचा सगळा हिशेब ठरायला हवा.

जुना अ‍ॅनालॉग कॅमेरा दूरदर्शनच्या जमान्यातल्या पाल पद्धतीने चित्र पाठवतो: सेकंदाला 25 चौकटी, चौकटीत 625 रेषा, त्यातल्या 576 दिसणाऱ्या. डीव्हीआर त्यांचे 704 गुणिले 576 बिंदू करतो, म्हणजे चार लाखांहून थोडे जास्त. त्यात एक गोम आहे. पूर्ण चौकट एकदम टिपली जात नाही. आधी एकाआड एक रेषा, मग 20 मिलिसेकंदांनी मधल्या रेषा. ताशी 36 किलोमीटर वेगाने गेटातून निघालेली मोटारसायकल तेवढ्यात 20 सेंटिमीटर पुढे गेलेली असते. फुटेज थांबवून पाहावे तर नंबर प्लेटचे आकडे कंगव्याच्या दातांसारखे फाटलेले. त्यावर कडी म्हणजे हार्ड डिस्क लवकर भरू नये म्हणून बसवणाऱ्याने बरेचदा 352 गुणिले 288 ही सेटिंग ठेवलेली असते. उरले एक लाख बिंदू. कॅमेऱ्याला शिव्या देण्याआधी एकदा डीव्हीआरच्या मेनूत डोकवावे.

आता मुख्य प्रश्न. चार लाख बिंदूंसाठी टाकलेल्या तारेतून वीस लाख बिंदूंचे फुल एचडी चित्र जाईल का? जाते. 2012 नंतरच्या दोन-तीन वर्षांत एचडी-सीव्हीआय, एचडी-टीव्हीआय आणि एएचडी अशा तीन पद्धती बाजारात आल्या, त्या नेमक्या याच कामासाठी. चित्र अ‍ॅनालॉगच राहते, फक्त जास्त कंप्रतेवर चढवून त्याच को-अ‍ॅक्सियल तारेतून पाठवले जाते. जुन्या पद्धतीत रंगाची माहिती 4.43 मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसून उजेडाच्या माहितीतच मिसळलेली असायची, त्यामुळे बारीक रेघांच्या शर्टावर भलतेच रंग नाचायचे. नव्या पद्धतींत रंग आणि उजेड वेगवेगळ्या पट्ट्यांत ठेवले जातात आणि तो नाच थांबतो.

अडचण येते ती तांब्याच्या स्वभावाची. कंप्रता वाढली की वीज तारेच्या गाभ्यातून वाहणे सोडून पृष्ठभागाजवळ सरकते. 5 मेगाहर्ट्झला ती तांब्याच्या वरच्या सुमारे 30 मायक्रॉनमध्ये असते, 30 मेगाहर्ट्झला जेमतेम 12 मायक्रॉनमध्ये. वाहायला जागा कमी, म्हणून रोध जास्त, म्हणून संदेश लवकर क्षीण होतो. आणि चित्रातला बारीक तपशील उच्च कंप्रतेतच असल्यामुळे लांबच्या तारेवर सर्वांत आधी तोच हरवतो. चित्र येते, पण भुवया आणि ओठ एकमेकांत मिसळलेले. नवा रेकॉर्डर यावर उपाय करतो: आलेल्या संदेशातला कोणता भाग किती झिजला आहे ते ओळखून तेवढाच भाग वर उचलतो. चांगल्या तांब्याच्या तारेवर हे दोन-तीनशे मीटरपर्यंत निभावते.

निभावत नाही ते जॉइंटवर. या तारेचा इम्पीडन्स असतो 75 ओहमचा, आणि तो टोकापासून टोकापर्यंत सारखा असावा लागतो. मधेच कुठेतरी तार तुटली, कोणीतरी दोन टोके पिळून त्यावर काळी टेप मारली, की त्या जागी संदेशाचा काही भाग परत फिरतो आणि खांबाशेजारी खांबाची फिकट सावली उमटते. जुन्या कमी कंप्रतेच्या चित्रात असा जॉइंट वर्षानुवर्षे खपून जातो. एचडी कॅमेरा लावला की पहिल्याच दिवशी उघडा पडतो आणि दोष नव्या कॅमेऱ्यावर जातो. अशी टोके कापून नीट क्रिंप केलेले बीएनसी कनेक्टर लावणे, हे या सगळ्या कामातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टाळले जाणारे काम.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ‘थ्री प्लस वन’ केबल असते: एक को-अ‍ॅक्सियल आणि सोबत वीज नेणाऱ्या तीन बारीक वायरी. या तीन वायरींनीच सर्वांत जास्त लोकांना चकवले आहे. समजा, वायरीचा छेद 0.2 चौरस मिलिमीटर आणि कॅमेरा वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसपासून 60 मीटरवर. जाऊन-येऊन 120 मीटर तांबे, म्हणजे साधारण 10 ओहम रोध. दिवसा कॅमेरा 0.1 अँपिअर घेतो. 12 व्होल्टमधला 1 व्होल्ट वाटेत जातो, 11 पोचतात, काम चालते. अंधार पडला की कॅमेऱ्यात ‘टक’ असा आवाज होतो, भिंगामागची अवरक्त किरण अडवणारी काच बाजूला सरकते, भोवतीचे इन्फ्रारेड दिवे पेटतात आणि वीज 0.4 अँपिअरवर जाते. आता वाटेतच 4 व्होल्ट संपतात. 8 व्होल्टवर कॅमेरा बंद पडतो. बंद पडला की भार जातो, व्होल्टेज वर येते, कॅमेरा पुन्हा सुरू होतो, दिवे पुन्हा पेटतात. रात्रभर हाच खेळ. सकाळी मेकॅनिक येतो तेव्हा सारे ठणठणीत! वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनिअमची असेल तर रोध आणखी दीडपट. चित्राला तो मुलामा पुरतो, कारण वर सांगितल्याप्रमाणे उच्च कंप्रतेची वीज कातडीतूनच वाहते. कॅमेऱ्याला लागणारी एकदिश वीज मात्र पूर्ण छेदातून वाहते, आणि तिथे अ‍ॅल्युमिनिअमचे पितळ उघडे पडते. नव्या कॅमेऱ्याची पावती करण्याआधी रात्री दिवे पेटलेले असताना कॅमेऱ्याच्या टोकाशी मल्टिमीटर लावायला सांगावे.

आयपी कॅमेऱ्यांची बाजू इथे खरोखर भक्कम आहे. त्यांना वीज चित्र नेणाऱ्या नेटवर्क केबलमधूनच मिळते, आणि ती सुमारे 48 व्होल्टची. चौपट व्होल्टेज म्हणजे तेवढ्याच कामाला पाव वीजप्रवाह, आणि तारेतला अपव्यय प्रवाहाच्या वर्गाने घटतो, म्हणजे सोळावा हिस्सा. कोयनेची वीज मुंबईकडे उच्च दाबाने आणतात त्यामागचे गणित तेच. मर्यादा 100 मीटरची. त्यापुढे मध्ये स्विच लागतो. जुनी को-अ‍ॅक्सियल चांगली असेल तर तिच्या दोन टोकांना कन्व्हर्टर लावून तिच्यातूनही नेटवर्क आणि वीज नेता येते. हे कन्व्हर्टर स्वस्त नाहीत, पण गेटपर्यंतचा काँक्रीटचा रस्ता खोदण्यापुढे काहीच नाहीत.

म्हणून माझे मत मधल्या मार्गाचे आहे. रेकॉर्डर एक्सव्हीआर प्रकारचा घ्यावा. तो जुना अ‍ॅनालॉग, तिन्ही एचडी पद्धती आणि काही आयपी कॅमेरे एकत्र सांभाळतो. जिन्यातले, लिफ्टसमोरचे जुने कॅमेरे आहेत तसे राहू द्यावेत. पैसे गेटवर आणि पार्किंगच्या तोंडावर घालावेत. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे जोडायची तर ऑनव्हिफ हा शब्द पाहावा. अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी 2008 मध्ये सुरू केलेली ही सामायिक भाषा आहे. तिच्यामुळे चित्र येण्याची बऱ्यापैकी खात्री असते, पण माणूस आणि कुत्रा वेगळा ओळखण्यासारख्या करामती दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरवर चालतीलच असे नाही. विक्रेता नेमके हेच सांगायला विसरतो.

मेगापिक्सेलची भूलही थोडी उतरवायला हवी. चित्रात दर मीटरला किती बिंदू पडतात, हे खरे माप. या विषयातल्या युरोपीय मानकानुसार ओळखीचा माणूस ओळखायला मीटरला 125 बिंदू लागतात, अनोळखी माणसाची ओळख निःसंशय पटवायला 250. पार्किंगची 20 मीटर रुंदी एका कॅमेऱ्यात कोंबली तर जुन्याचे 35 पडतात, फुल एचडीचे 96 आणि 4-केचे 192. म्हणजे सर्वांत महागडा कॅमेरा लावूनही चोराचा चेहरा सिद्ध होत नाही. तोच फुल एचडी कॅमेरा 4 मीटरच्या गेटवर रोखला तर मीटरला 480. कॅमेरा खाली आणून गेटाकडे वळवायला शिडी आणि पाना पुरतो.

साठवणुकीचे गणित कोणीही कागदावर करू शकतो. सेकंदाला 2 मेगाबिट देणारा एक कॅमेरा दिवसाला 21.6 गिगाबाइट भरतो. असे 16 कॅमेरे 30 दिवस ठेवायचे तर दहा टेराबाइटहून जास्त. एच.265 पद्धतीने तेवढ्याच दर्जाचे चित्र साधारण निम्म्या जागेत बसते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात पोलीस ठाण्यांतले चित्रण 18 महिने ठेवायला सांगितले, तेव्हा याच हिशेबाने प्रत्येक कॅमेऱ्यामागे पावणेबारा टेराबाइट लागतात. तेवढे ठेवणारी यंत्रे बाजारात मिळत नसतील तर निदान एक वर्ष, अशी सवलत त्या आदेशातच आहे.

जुने-नवे जोडताना सर्वांत दुर्लक्षित राहते ते घड्याळ. डीव्हीआरमधला क्वार्ट्झ स्फटिक दहा लाखांत वीस इतका चुकला, तरी दिवसाला पावणेदोन सेकंद आणि वर्षाला दहा मिनिटांचा फरक पडतो. वॉचमनच्या पत्र्याच्या केबिनमध्ये, एप्रिल-मेच्या उन्हात तो आणखी वाढतो. जुन्या डीव्हीआरवर माणूस 9:40 ला जिन्यातून उतरतो आणि नव्यावर 9:29 ला गेटातून बाहेर पडतो! मिनिटांना किती किंमत असते ते जालन्याच्या खटल्यात दिसले. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी 3 च्या आत आला का, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले की मूळ यंत्र हजर केले नाही तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र हवेच. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये ही अट आहे, आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलची हॅश किंमतही भरावी लागते. रेकॉर्डरला इंटरनेटवरून वेळ जुळवायची सेटिंग दोन मिनिटांत लावता येते. दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा भारतीय प्रमाणवेळ राखते आणि ती नेटवर्कवरून उपलब्ध करून देते.

इंटरनेटचा विषय निघालाच आहे तर 2016 चे मिराई प्रकरण आठवावे. त्या घातक प्रोग्रॅमने साठेक ठरावीक पासवर्ड वापरून जगभरातले डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले, आणि 21 ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला. अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास मिळेनाशा झाल्या. मालकांना पत्ताही नव्हता, त्यांचे कॅमेरे नेहमीसारखे चित्र दाखवत होते. आपल्याकडे केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या अनिवार्य चाचण्या ठरवल्या असून त्या एप्रिल 2025 पासून लागू आहेत. नवा माल त्यातून येईल. भिंतीवरचा दहा वर्षांपूर्वीचा डीव्हीआर येणार नाही. त्याला ना सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती मिळते, ना तो आजच्या ब्राउझरमध्ये उघडतो. असे कित्येक डीव्हीआर फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच दिसायचे आणि मायक्रोसॉफ्टने जून 2022 मध्ये तो बंद केला. असे यंत्र ठेवायचेच असेल तर त्याची इंटरनेटची वायर काढावी आणि रेकॉर्डिंगपुरते चालू द्यावे.

नव्या रेकॉर्डरचा मुख्य पासवर्ड मात्र बिल देण्याआधी कमिटीने स्वतः टाकून घ्यावा आणि सील केलेल्या पाकिटात सचिवांकडे ठेवावा. सध्या तो बहुधा बसवणाऱ्या मुलाच्या वहीत असतो, आणि पोलीस फुटेज मागायला येतात तेव्हा कळते की तो मुलगा दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेला आहे.