ट्यूबलाइटच्या उजेडातले सिनेमे

सिनेमावर लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नाही. फिल्म सोसायटीचं सभासदत्व कधी घेतलं नाही, की दिग्दर्शकाचं नाव बघून तिकीट काढलं नाही. लग्नाआधीचे चार-दोन सोडले, तर माझे बहुतेक सिनेमे मी घरीच पाहिले. आधी दूरदर्शनवर, मग भाड्याने आणलेल्या कॅसेटवर, पुढे सीडीवर आणि आता नातीच्या मोबाइलवर. घरी म्हणजे कसे? तर मांडीवर मेथीची जुडी, सासूबाई पलंगावर, हे आरामखुर्चीत, मुलं सतरंजीवर आणि डोक्यावर ट्यूबलाइट. थिएटरात अंधार असतो, कोण कुठे रडलं ते कुणाला कळत नाही. घरी मात्र पडद्याइतकंच आपण एकमेकांकडे बघत असतो. तेव्हा ही मतं त्या उजेडातली. पटली नाहीत तर सोडून द्यावीत.

सुरुवात ‘शोले’पासून. १९७५चा हा सत्तर एमएमचा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो वीस इंची टीव्हीवर. आगगाडीवरची मारामारी खेळण्यातली वाटली. गब्बरचा दराराही निम्म्यावर आला, कारण आमचा धाकटा त्याची नक्कल करत वरणभात खायचा. पण संध्याकाळी एकेक दिवा मालवत जाणारी जया भादुरी आणि समोर बसून माऊथ ऑर्गन वाजवणारा अमिताभ, हे मात्र तसूभरही कमी झालं नाही. मोठ्या पडद्याचा सिनेमा घरी आणला, की त्यातलं जे लहान असतं तेच टिकतं, असा माझा अनुभव आहे.

‘पिंजरा’ला (१९७२) नावं ठेवली की आमच्याकडे भांडण ठरलेलं. राम कदमांचं संगीत, डॉ. लागू, निळू फुले, सगळं मान्य. पण गाव ज्या मास्तरांचा पुतळा उभारतं, ते मास्तर तमाशाच्या फडात जिवंत असतात आणि शेवटी स्वतःच्याच खुनाचा आरोप मुकाट्याने पत्करतात. का, तर गावाचा आदर्श मोडू नये म्हणून! आमचे हे शाळामास्तर, त्यांना हा शेवट फार आवडायचा. मला कधीच पटला नाही. मास्तर घसरले हे कळल्याने गाव बिघडतं थोडंच?

मास्तरांची दुसरी हकीकत सांगते. थोरल्याने एकदा ‘बायसिकल थीव्ह्ज’ची सीडी आणली. १९४८चा इटालियन सिनेमा, काळापांढरा. “एका सायकलीसाठी एवढं रामायण?” असं म्हणत हे पेपर घेऊन बसले. पुढे तो बाप हताश होऊन स्वतःच सायकल चोरायला जातो, पकडला जातो आणि पोरगा ते सगळं बघतो. तेव्हा पेपर केव्हाच खाली आला होता. सिनेमा संपल्यावर हे काही बोलले नाहीत, थोरल्याच्या डोक्यावर नुसता हात ठेवला. थोरला तेव्हा चांगला नोकरीला लागलेला!

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही. बाईच्या वेशातल्या पुरुषांचे काही विनोद आता मला खटकतात. पण भाड्याच्या खोलीसाठी माणसाला काय काय सोंगं करावी लागतात, हे ज्याने जागेसाठी वणवण केली आहे त्याला विचारावं. त्या हसण्याच्या तळाशी घरभाडं आहे.

‘माहेरची साडी’ (१९९१) सिनेमा म्हणून मला बटबटीतच वाटतो. सोसणं हाच अलका कुबलच्या लक्ष्मीचा एकमेव गुण. तरी मी हुंदके देऊन रडले, हे लपवत नाही. सासूबाईही रडत होत्या, आणि वर पडद्यावरच्या सासूला शिव्या घालत होत्या! आम्हा दोघींना एका बाजूला बसवण्याची किमया त्या सिनेमाने केली.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते. जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ (१९८२). स्मिता पाटीलची सुलभा लहान मुलीला घरी ठेवून परगावी सुधारगृहाची अधीक्षिका म्हणून जाते. शेवटी परतते, तेव्हा घरात तिची जागा उरलेली नसते. “सिनेमा चांगला, पण कोरडा,” असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. ते खोटं होतं. १९८४ साली मला बँकेत बढती मिळत होती, बदलीच्या गावी जावं लागणार होतं. धाकटा दोन वर्षांचा. कुणी नको म्हटलं नाही. “तुझं तू बघ,” एवढंच सासूबाई म्हणाल्या. मी नकार कळवला.

पुढे दोन-तीन वर्षांनी ‘उंबरठा’ टीव्हीवर लागला. सुलभा घर सोडून निघाली आणि मला तिथे बसवेना. “दूध उतू जाईल,” म्हणून उठले, तर सासूबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, “दूध मघाशीच उतरवलंय मी. बस.”

मी बसले. त्यावर आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या मनात तेव्हा काय होतं, हे विचारायचं राहूनच गेलं.

गेल्या महिन्यात नातीबरोबर तो पुन्हा पाहिला, ट्यूबलाइट लावूनच. सिनेमा मुळीच कोरडा नाही, हे आज सगळ्यांदेखत कबूल करते. मध्येच दूध खरंच उतू गेलं. मी उठले नाही. ओटा नंतर नातीने पुसला.