इकोचा आकडा आणि दमलेले हृदय

टूडी इकोचा अहवाल हाती आला, की घरातील सर्वांची नजर प्रथम 'ईएफ' म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शनच्या आकड्यावर जाते. तो 60 टक्के दिसला, की जीव भांड्यात पडतो. परंतु हृदयाच्या झडपेचा विकार असल्यास या एका आकड्यावर विसंबून राहू नये.

हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात जमलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडते, हे ईएफ सांगते. ते कोठे जाते, हे सांगत नाही. समजा, त्या कप्प्यातून 60 मिलिलिटर रक्त निघाले, पण मायट्रल झडप गळत असल्याने त्यातील निम्मे वरच्या कप्प्यात परतले, तर शरीराच्या वाट्याला 30 मिलिलिटरच येते. फाटकी मोट भरून वर यावी आणि निम्मे पाणी पुन्हा विहिरीतच सांडावे, तसा हा प्रकार. मागच्या कप्प्यात दाब कमी असल्याने रक्त तिकडे ढकलणे सोपे जाते. त्यामुळे स्नायू दुबळा होऊ लागला, तरी आकडा चांगलाच दिसतो. म्हणूनच झडपेची गळती तीव्र असताना ईएफ 60 किंवा त्याहून कमी झाली, अथवा आकुंचनानंतरही कप्प्याची रुंदी 40 मिलिमीटर वा अधिक राहिली, तर त्रास नसतानाही शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

उतारवयात महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साचून ती अरुंद होते. तिचे तोंड एरवी 3 ते 4 चौरस सेंटिमीटर असते. ते 1 किंवा त्याहून कमी झाले, की आजार तीव्र समजतात. येथेही हृदयाचा स्नायू जाड होऊन ईएफ बराच काळ टिकवून धरतो. चालताना धाप लागणे, छातीत दुखणे, भोवळ येणे ही लक्षणे मात्र थांबत नाहीत.

खरी अडचण पुढेच आहे. ज्येष्ठ मंडळी नकळत आपल्या हालचाली आवरत्या घेतात. जिना चढणे सोडले, की दमही लागत नाही. मग "मला काही त्रास नाही" हे उत्तर प्रामाणिक असूनही अपुरे ठरते. यासाठी काळजी घेणाऱ्यांनी पुढील गोष्टी टिपून ठेवाव्यात: सहा महिन्यांपूर्वी सहज होणारे कोणते काम आता टाळले जाते? झोपताना उशा वाढल्या का? पायांवर सूज येते का?

ही टिपणे आणि इकोचे जुने सर्व अहवाल डॉक्टरांना दाखवावेत. लक्षणांविषयी शंका असल्यास ते आपल्या देखरेखीखाली ट्रेडमिल चाचणी घेतात. मात्र झडप तीव्र अरुंद असून लक्षणेही असतील, तर ती चाचणी करू नये.

पुढील भेटीत "ईएफ किती?" एवढेच न विचारता, "झडप किती बिघडली आहे, कप्पा मोठा होतो आहे का आणि पुढील इको केव्हा करावा?" हेही अवश्य विचारावे.