जुना फ्लॅट घेऊन भाड्याने द्यायचाय? आधी हे गणित पाहा

जुना फ्लॅट घ्यायचा, डागडुजी करायची आणि भाड्यातून कर्जाचा हप्ता फेडायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण हप्ता खरंच निघतो का?

समजा, फ्लॅट ४० लाखांचा आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे साधारण ३ लाख. प्लंबिंग, वायरिंग, गळती, रंगकाम यांचे ५ लाख. एकूण ४८ लाख.

भाडं महिना १५ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार. त्यातून मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि रिकामा गेलेला एखादा महिना असे ६० हजार वजा केले, तर उरतात १ लाख २० हजार. म्हणजे परतावा अवघा अडीच टक्के! गृहकर्जाचं व्याज याच्या कितीतरी पुढे असतं. त्यामुळे हप्त्याचा मोठा भाग पगारातूनच जातो.

महाराष्ट्रात काय लक्षात ठेवायचं?

- भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार ही जबाबदारी घरमालकाची आहे.
- सोसायटी बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही.
- टोकन देण्याआधी सोसायटीची थकबाकी आणि फ्लॅटवरचं कर्ज तपासा.

आणि शक्य असेल तर घर पावसाळ्यात पाहा. गळती तेव्हाच दिसते.