गोठलेला सर्व्हर आणि हरवणारा पुरावा

दाखल्यांसाठी रांग लागलेली असावी आणि नेमका त्याच वेळी कार्यालयाचा सर्व्हर स्तब्ध व्हावा, हा प्रसंग आता पुष्कळांच्या परिचयाचा आहे. दिवे लुकलुकत असतात. कळफलकाला मात्र प्रतिसाद नसतो. बटण दाबून यंत्र बंद करावे व पुन्हा सुरू करावे, हा उपाय सर्वांनाच ठाऊक आहे. त्याने काम चालू होते हे खरे. परंतु मूळ कारण तसेच राहते आणि पुष्कळदा त्याचा पुरावा त्याच क्षणी नष्ट होतो.

फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये आरंभिलेली लिनक्स ही कार्यप्रणाली आपल्या कामाची नोंद सतत ठेवीत असते. तथापि कित्येक यंत्रांवर ही नोंद तात्पुरत्या मेमरीतच राहते. ती डिस्कवर टिकेल अशी व्यवस्था आधी केलेली असल्यास ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने मागील खेपेच्या अखेरच्या ओळी वाचता येतात.

मेमरी संपली असेल, तर कार्यप्रणालीच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, एखादा प्रोग्रॅम बळेच बंद केल्याचा उल्लेख तेथे आढळतो. डिस्कचा दोष अधिक फसवा असतो. प्रोसेसर जवळजवळ रिकामा असूनही भार वाढत जातो. कारण लिनक्स डिस्कच्या प्रतीक्षेत अडकलेली कामेही भारात मोजते. अशी कामे ‘डी’ या अक्षराने दर्शविली जातात व ती सक्तीनेही सहसा थांबविता येत नाहीत. एखादे काम १२० सेकंदांहून अधिक काळ असे अडकल्यास कर्नल सामान्यतः तशी तक्रार नोंदविते. पण डिस्कच अडली असेल, तर ही तक्रार लिहिणार कोठे? यास्तव ‘नेटकन्सोल’द्वारे ती दुसऱ्या यंत्राकडे पाठविण्याची सोय आहे.

नोंद कोणत्याही तक्रारीविना मध्येच तुटली असेल, तर मेमरीचे भाग, उष्णता वा वीजपुरवठा यांवर संशय घ्यावा. ‘मेमटेस्ट’ ही चाचणी रात्रभर चालवावी लागते. प्रस्तुत लेखक कला शाखेचा. त्याला ही चाचणी तापाच्या तक्त्यासारखी वाटते, एका मोजणीने भागत नाही.

बटणाकडे हात जाण्यापूर्वी वेळ टिपावी, पडद्याचे छायाचित्र घ्यावे. ‘सिसरिक्वेस्ट’ची सोय आधीच खुली ठेवलेली असेल, तर ‘ऑल्ट’ व त्या कळीसोबत ‘डब्ल्यू’ दाबावे. कर्नल जागे असल्यास अडकलेल्या कामांची यादी मिळते.